खुन्याला फाशी द्यावी की जन्मठेप? जन्मठेपवाला १४ वर्षांत सुटतोच ना?

माझं मत जन्मठेपेच्या बाजूने. पण आधी ते १४ वर्षांचं बघू, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये हा वाद रंगला की रबाळे यायच्या आत कुणीतरी हे वाक्य टाकतंच. कायद्याने जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. खुनासारख्या, म्हणजे फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकार शिक्षेत सूट देऊन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर सोडलंच पाहिजे असं नाही. आणि २००८ पासून सुप्रीम कोर्टाने काही खटल्यांत ‘सूट नाही’ अशी जन्मठेपही दिली आहे.

फाशी तशीही सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बचनसिंग निकालापासून ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच.

मला डाचतं ते नाशिकचं हत्याकांड. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सहाही आरोपींना फाशी ठोठावली; त्यातल्या तिघांची हायकोर्टाने जन्मठेपेवर आणली होती, तीही परत फाशीवर नेली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली. मधल्या काळात दोर ओढला असता तर ते ५ लाख कुणाच्या हातात ठेवणार होतो?

ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने फाशी मागितली, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. ट्रेनमधल्या मंडळींशी मात्र घालतो. रोज.