आजोबांचा फॉरवर्ड आणि ग्रुपमधून बाहेर पडलेला नातू

ताई, सप्रेम नमस्कार.

मँचेस्टरला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. माझे बाबा सांगलीला असतात. वय ७४, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून घरात एकटेच. आमच्या कुटुंबाचा एकवीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात बाबांनी त्यावर एका नेत्याच्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने खाली इंग्रजीत लिहिलं की आजोबा, हे खोटं आहे, दोन वेगळ्या भाषणांचे तुकडे जोडलेत. सोबत लिंकही दिली. काकांनी त्याला झापलं, 'तिकडे बसून आम्हाला शहाणपण शिकवू नकोस.' मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला. बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पण दर रविवारी येणारा त्यांचा फोन तेव्हापासून बंद झालाय. मी केला तर 'बरं आहे सगळं, ठेवतो' एवढंच. मुलगा म्हणतो, मी खरं तेच बोललो, माफी कशाबद्दल मागू? आणखी एक सांगते. इथे साउथपोर्टला लहान मुलींचा खून झाला, तेव्हा संशयिताचं म्हणून फिरलेलं एक खोटं नाव याच मुलाने शाळेतल्या मित्रांना पाठवलं होतं. खरं कळल्यावर दोन दिवस नीट जेवला नाही. आता मी काय करू?

– मँचेस्टरची एक लेक

*

तुमचा मुलगा खरं बोलला. खरं बोलल्याबद्दल त्याने माफी मागायची नाही, हे त्याला आजच सांगा. सोळाव्या वर्षी एखादा मुलगा मतदानाच्या तोंडावर आलेला व्हिडिओ थांबून तपासतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

चुकलं ते ठिकाण. कुटुंबाचा ग्रुप आपल्याला घरासारखा वाटतो, कारण त्यात सगळी घरचीच माणसं असतात. पण तो घर नाही, चावडी आहे. तिथे जे बोलू ते एकवीस जण ऐकतात, आणि ऐकलेलं पुसलंही जात नाही. थोरल्या माणसाची चूक आपण माजघरात सांगतो, चारचौघांत सांगत नाही. मुलाला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्या पिढीची सगळी बोलणी ग्रुपवरच होतात आणि तिथे एकमेकांना खोडून काढणं रोजचंच असतं. बाबांना मात्र ते फार लागलं असणार. व्हिडिओ खोटा निघाला यापेक्षा, भावासमोर, भाच्यांसमोर, सुनांसमोर नातवाने आपल्याला खोटं पाडलं, हे त्यांच्या मनात राहिलं असेल. ते गप्प आहेत ते रागाने नव्हे, ओशाळून, असं मला वाटतं.

आता त्या फॉरवर्डबद्दल. रात्री साडेबारा-एकला उशाशी ठेवलेला फोन उजळतो, उगवत्या सूर्यासमोर गणपती आणि खाली 'शुभ सकाळ', हे तुमच्याकडेही होत असेलच. सांगलीत तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात. एकटा माणूस उठतो, चहा ठेवतो आणि बोलायला कुणी नाही म्हणून फोन हातात घेतो. दिवसभरातल्या त्या पंधरा-वीस मेसेजांत निम्मी तरी विचारपूस असते. 'मी उठलो, मी आहे, तुम्ही कसे आहात' हे बाबांना शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते सूर्य पाठवतात, हळदीच्या काढ्याची कृती पाठवतात, नेत्याचं भाषण पाठवतात. आपण उत्तर देतो ते फक्त भाषणाला, आणि तेही खोडून काढायला.

तुमच्या वडिलांची पिढी बातमीवर विश्वास ठेवायला शिकली, त्यामागे कारण होतं. सकाळी सातच्या सुमाराला आकाशवाणीवर प्रादेशिक बातम्या, मग दारात पेपर. त्या पेपरच्या एका कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ असते, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं, छपाईचं ठिकाण. ती ओळ हौसेने छापत नाहीत. १८६७ च्या कायद्याने ती बंधनकारक झाली. छापलेल्या प्रत्येक शब्दाला कुणीतरी नावानिशी जबाबदार असायचं, चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती यायची आणि ती त्याच वाचकांच्या हातात पडायची. पेपरांनीही चुका केल्या, बाजू घेतल्या, पण दार ठोठवायला पत्ता होता.

फॉरवर्डला ती ओळ नसते. बाबांना मेसेज पाठवणारा माणूस ओळखीचा असतो, खात्यातला जुना सहकारी, नाहीतर शेजारच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. त्या ओळखीचा भरवसा नकळत मजकुराला चिकटतो. मूळ कुणी लिहिलं, याचा मागमूस नसतो. आणि खोटं ठरलं तरी दुरुस्ती उलट्या वाटेने जात नाही. ज्या चाळीस ग्रुपांतून ते आलं, त्या चाळीस ग्रुपांना कुणी कळवत नाही.

यातून काय होऊ शकतं, हे आपण महाराष्ट्रातच पाहिलंय. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते, गावोगाव भिक्षा मागून पोट भरणारे. त्या वर्षी देशभर असल्या अफवा फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत मोटरसायकलवरून मूल उचलून नेणाऱ्यांची होती. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती आणि शेवटी मूल परत आणून सोडलेलं दाखवलं होतं. फिरणाऱ्या चित्रफितीत तेवढा शेवट कापून टाकलेला होता. काही सेकंदांची कात्री.

त्यानंतर भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन व्हॉट्सॲपने घातलं. पुढे फार वेळा फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसू लागला, आणि एप्रिल २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बाबांना तो दुहेरी बाण नेमका दाखवा. 'हा बाण असला की लिहिणारा आपल्या ओळखीतला नाही' एवढं एक वाक्य पुरेल. मी माझ्या आईला हेच शिकवलं आणि तिला ते पटलं, कारण तपासायला चष्म्यापलीकडे काही लागत नाही.

माझ्या आईचं नाव निघालंच आहे तर ऑगस्ट २०२४ मधली एक पहाट सांगते. मी राहते ते गाव रॉदरहॅमपासून अर्ध्या तासावर आहे. आई कराडला. पहाटे साडेचारला तिचा फोन आला, आवाज थरथरत होता. 'तुमच्याकडे पेटलंय सगळं, मुलांना घेऊन निघून ये.' इंग्लंडमध्ये तेव्हा दंगली चालू होत्या. रॉदरहॅमजवळ आश्रयार्थींना ठेवलेल्या हॉटेलवर जमाव चालून गेला, दाराशी आग लावली, ते दृश्य तिने रात्रभर वीस वेळा पाहिलं होतं. आमच्या गल्लीत त्या वेळी दूधवाल्याच्या गाडीखेरीज काही हलत नव्हतं. मी म्हटलं, 'आई, इथे शांत आहे.' ती म्हणाली, 'मग ते काय खोटं दाखवतायत?'

खोटं नव्हतं, आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. हॉटेल खरं होतं, आग खरी होती, भीतीही खरी होती. भारतीय उच्चायुक्तालयाने सावधगिरीची सूचना काढली होती, मी स्वतः चार दिवस मुलांना एकटं सोडलं नाही. पण तिला दिसत होता तो एका देशाचा एक दरवाजा, आणि तोच तोच. त्या वेळी मला जाणवलं की मीही कराड असंच बघते. तिथला एक मोर्चा, एक दगडफेक, एका नेत्याचं अर्धं वाक्य. आईच्या दारातली पारिजातकाची सडासंमार्जनाची सकाळ मला कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्या दंगलींचं मूळ तुमच्या मुलाला ठाऊक आहेच. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला. संशयित अल्पवयीन असल्याने पोलिसांनी नाव जाहीर केलं नव्हतं. ती रिकामी जागा काही तासांत एका बनावट नावाने भरली गेली. तो बोटीतून आलेला आश्रयार्थी आहे, अशी हूल उठली. प्रत्यक्षात तो संशयित मुलगा ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या. हे नाव पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेली, हुशार मुलं होती. तुमचा मुलगाही होता.

तोडगा माझ्या मते इथेच आहे. मुलाने आजोबांना लिंक पाठवू नये, फोन करावा आणि स्वतःची ही गोष्ट सांगावी. मराठीत, अडखळत का होईना. 'आजोबा, मीपण फसलो होतो. मला फार वाईट वाटलं. म्हणून तुमचा व्हिडिओ बघून मला राहवलं नाही. पण मी सगळ्यांसमोर लिहायला नको होतं.' यात व्हिडिओ खरा होता असं कुठे कबूल करावं लागत नाही. आणि आजोबांनाही कळेल की फसणं हे म्हातारपणाचं लक्षण नाही. तुम्ही तेव्हा शेजारी बसू नका. स्वयंपाकघरात जा. मध्ये पडून वाक्यं पुरवू नका.

काकांचं नंतर बघू. त्यांच्याशी ग्रुपवर वाद घालणार असाल तर मी हात जोडून नको म्हणेन. त्यांच्या एका वाक्यात मात्र थोडं तथ्य आहे आणि ते आपल्याला गिळावं लागतं. भारतीय पासपोर्ट असला तर परदेशात राहूनही मतदारयादीत नाव घालता येतं, त्याला नमुना ६अ भरावा लागतो, पण मत द्यायला प्रत्यक्ष गावच्या केंद्रावर जावं लागतं. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं की तेही संपतं. म्हणजे तिथल्या निवडणुकीचे परिणाम ते भोगणार, आपण नाही. दुसरीकडे, भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्याला राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. सांगलीच्या आमदारावर ग्रुपवर तावातावाने लिहिणारी आणि आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोण हे न सांगता येणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तुमची नावं इथल्या यादीत आहेत का, तेवढं बघून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तिची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. एकटे राहणारे, बँकेत निवृत्तीचे पैसे असलेले आणि मुलं परदेशात असलेले वडील हे 'डिजिटल अटक' करणाऱ्या ठगांचं ठरलेलं सावज आहे. पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या मुलीचं पार्सल पकडलंय किंवा तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय असं सांगतो, कॅमेरा बंद करू नका, कुणाशी बोलू नका म्हणतो आणि तासन्‌तास बसवून ठेवतो. भारतीय कायद्यात अशी अटक नाहीच. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत. पैसे गेले तर ताबडतोब १९३० हा क्रमांक लावायचा. तो बाबांनीच, तिथूनच लावायचा, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवायला सांगा. तुमचा आवाज नक्कल करूनही कुणी पैसे मागू शकतं, तेव्हा घरातला एक खुणेचा शब्द ठरवा, आईच्या माहेरच्या गाईचं नाव असं काहीतरी, जे कुठल्याच ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

आणि आता बघा, ज्या माणसाने अबोला धरलाय तो असल्या कॉलच्या वेळी तुम्हाला विचारायला फोन करेल का? व्हिडिओ खरा की खोटा, हा वाद त्यापुढे मला फार लहान वाटतो. बाबांनी शंका आली की आधी तुम्हाला विचारावं, न लाजता विचारावं, एवढं साधलं तरी खूप झालं.

रविवारची वेळ पुन्हा बांधून घ्या. हिवाळ्यात तुमच्याकडे सकाळचे साडेदहा म्हणजे सांगलीत दुपारचे चार, वामकुक्षी झालेली, चहा समोर. बाबांना म्हणा, फोन पेपरच्या बाजूला उभा करा आणि आम्हाला वाचून दाखवा. सगळा नको. कृष्णेच्या पाण्याची, हळदीच्या भावाची, अग्रलेखातला एखादा परिच्छेद. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेला माणूस कोयनेच्या विसर्गाची बातमी कशी वाचतो, ती कुठे चुकली हे कसं सांगतो, ते नातवाने ऐकू दे. तपासून वाचणं त्या घरात आधीपासून आहे. मुलाला हवं तर तो आपल्या आठवड्यातली एक बातमी सांगेल, आणि ती कुठून कळली हे आजोबांनी विचारायचं.

पहिल्या रविवारी बाबा 'बरं आहे, ठेवतो' म्हणतीलच. दुसऱ्या रविवारीही फोन करा.