सायलेन्सरला चिकटलेला रेनकोट

भावा, बाइकच्या गरम सायलेन्सरला रेनकोट वितळून चिकटलाय ना, मग आधी तो पेट्रोल ओतून घासायचा विचार डोक्यातून काढ, गरम सायलेन्सरवर ते पेटू शकतं. बाइक दोन-तीन मिनिटं चालू ठेव, प्लास्टिक मऊ झालं की बंद कर आणि हातमोजे घालून आइस्क्रीमच्या लाकडी काडीने हळूहळू खरवड, बराचसा थर च्युइंगमसारखा ओढत निघून येतो. पण हे मोकळ्या जागेतच कर हां, रेनकोट पीव्हीसीचा असेल तर तो धूर छातीला फार वाईट. मग सायलेन्सर पूर्ण थंड झाला की उरलेल्या काळ्या डागावर मेटल पॉलिश लावून सुती फडक्याने चोळ. सुरी, पॉलिश पेपर क्रोमला अजिबात लावू नकोस, ओरखडे पडले की तिथूनच गंज धरतो. आणि काळा मॅट पेंट असेल तर एसीटोन (नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं ते) लांबच ठेव, रंगच उतरेल.