चावी उचलली की मुखवटा मागे!

प्रश्न: पुतण्या जुना सुपर मारिओ ब्रदर्स २ खेळतो, चावी घेतली की एक मुखवटा अंगावर येतो आणि हा मरतो, मग माझं डोकं खातो. काय करायचं?
– एक काकू, भांडुप

उत्तर: काकू, तो फँटो. १९८८ च्या या गेममध्ये तो चावी हातात असेपर्यंतच पिच्छा पुरवतो, म्हणून अगदी डोक्यावर आला की चावी खाली टाकायची, तो निघून जातो, मग परत उचलून दाराकडे पळायचं, असं दोनतीन हप्त्यांत पोचता येतं. घाई केली की मेलाच समजा.

१९९० च्या सुपर मारिओ वर्ल्डमध्ये असला ताप नाही, चावी कुलुपाच्या भोकापाशी नेली की लपलेला रस्ता उघडतो. योशीच्या, म्हणजे मारिओ ज्याच्यावर बसतो त्या डायनासोरच्या, तोंडात ठेवूनही नेता येते, आम्ही चाळीत शेजारच्या काकींकडे चावी ठेवायचो तसंच!