नवरा अमेरिकन नागरिक आहे, मी साताऱ्यात. आय-१३० अर्जासाठी (जोडीदाराला अमेरिकेत कायम राहायला नेण्यासाठीचा पहिला अर्ज) कोणते कागद जमवू?

नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा (चालू अमेरिकन पासपोर्टची प्रत चालते), विवाह नोंदणी प्रमाणपत्र, दोघांचे २ बाय २ इंची फोटो आणि तुमच्या माहितीचा आय-१३०ए हा जोडफॉर्म. कुणाचं आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामाही. लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून हार घातलेले फोटो सगळेच लावतात; मला विचाराल तर एकत्र प्रवासाची तिकिटं, संयुक्त खातं जास्त बोलकं. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, भाषांतरकाराच्या सहीच्या दाखल्यासकट.

तुमचा जन्मदाखला पुढच्या, व्हिसाच्या टप्प्यावर लागतो, पण आत्ताच काढून बघा. माझ्या दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा चक्क कोरी होती! नगरपालिकेत नाव घालून घेण्यात दोन महिने गेले.