बाईंवर लिहिताना

सांगली

चिरंजीवास,
सप्रेम आशीर्वाद.

शाळेच्या वार्षिक अंकातला आपल्या ऑफिसातल्या लिपिक बाईंवरचा लेख तू लिहिणार हे कळलं आणि बरं वाटलं. तू पाठवलेला खर्डा दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, जिव्हाळाही खरा आहे. पण ‘हसतमुख’, ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’ हे शब्द चौकातल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फलकावर असतात. त्यांत आपल्या बाई मला कुठे दिसल्या नाहीत. आणि एक वाक्य तर मुळीच पटलं नाही : ‘लिपिकाची रुक्ष नोकरी सांभाळून त्यांनी आपली कला जोपासली.’ ते आधी काढून टाक. बाईंची कला ऑफिसच्या टेबलावरच होती. वाचणाऱ्याला एवढं उमगलं, तर लेख जमला असं मी म्हणेन.

तुझ्या पिढीने सायक्लोस्टाईल, म्हणजे प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायचं जुनं यंत्र, पाहिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाईपरायटरची रिबन बाजूला करून मेणाच्या स्टेन्सिलवर टाईप करायचं. अक्षराच्या घावाने मेण बाजूला होतं आणि छपाईच्या वेळी शाई तिथून झिरपते. ‘ठ’सारखं गोल अक्षर जोरात बसलं, की आतला तुकडा निघून यायचा आणि छापताना तिथे काळा ठिपका उमटायचा. चूक झाली तर लाल औषध लावायचं, फुंकर मारून वाळवायचं, पुन्हा टाईप करायचं. चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाई हे करत बसलेल्या असायच्या. सगळं टाईप झालं, की संपलेलं बॉलपेन घेऊन पाचवीच्या पेपरच्या कोपऱ्यात एक चिमणी कोरायच्या. फक्त पाचवीच्या. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांतून आलेली पोरं हायस्कूलचा पहिला पेपर हातात घेताना घाबरलेली असतात, त्यांना आधी चिमणी दिसू दे, असं त्यांचं म्हणणं. कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याचे पैसे नव्हते आणि तपासणीला आलेल्या साहेबांना ती दिसलीही नसेल. लेखाची सुरुवात तू इथून करून बघ.

व्हरांड्यातला फळा तुला आठवतच असेल. रंगीत खडू साखरेच्या पाण्यात बुडवून त्या चित्र काढायच्या. त्याने रंग गडद उठतो आणि हात लागला तरी सहज पुसला जात नाही. ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाला, विष्णुदास भावे आणि त्यांचं १८४३ सालचं ‘सीतास्वयंवर’ नाटक फळ्यावर हमखास असायचं. आपल्या सांगलीत हे घडलं याचा त्यांना फार अभिमान. गॅदरिंगच्या नाटिकाही त्याच लिहायच्या, उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर. त्यांबद्दल थोडक्यात लिही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ऑफिसच्या खिडकीबद्दल मात्र भरपूर लिही. शिष्यवृत्तीच्या दिवसांत पालकांची रांग लागायची. बरेचसे मजुरीचा दिवस बुडवून आलेले, ऊसतोडीच्या हंगामात तर फडातून थेट. एखादा कागद राहिला, की दुसरा दिवस बुडाला. नोटीस लावलेली असायची, पण ज्यांना ती हवी त्यांतल्या अनेकांना वाचता यायचं नाही. मग बाईंनी एका पुठ्ठ्यावर रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो अशी चित्रं काढली, प्रत्येकाचा रंग अगदी खऱ्यासारखा. पुठ्ठा खिडकीला टांगला. लोक बोट ठेवून आपल्या पिशवीतले कागद ताडून बघायचे. माझ्या मते बाईंचं सगळ्यात मोठं चित्र ते.

आता २०१९ चा महापूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. आपल्या ऑफिसातली कपाटं बुडाली. पाणी उतरल्यावर सगळे चिखल काढायला लागले आणि बाईंनी आधी जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नाव, जात, जन्मतारखेच्या नोंदवह्या, वरच्या वर्गात नेल्या. ती रजिस्टरं उन्हात टाकू दिली नाहीत, कारण उन्हाने कागद आकसतो आणि पानं वाकडी होतात. बाकांवर उघडी ठेवून, पानापानात वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली, पुन्हा पुन्हा कागद बदलत त्यांनी ती वाळवली. जुन्या निळ्या-काळ्या शाईच्या नोंदी टिकल्या होत्या. अलीकडच्या, साध्या निळ्या शाईतल्या पसरल्या होत्या. जिथे अक्षर पुसट झालं, तिथे त्यांनी स्वतःच्या मनाने एक रेघही ओढली नाही. दुसऱ्या कागदपत्रांवरून पडताळून वेगळी यादी केली.

पुढे २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि माणसं आजोबा-पणजोबांची नावं शोधत शाळेत यायला लागली. ती हीच रजिस्टरं. सगळ्यात जुन्यांत काही शेरे मोडी लिपीत आहेत. मोडी बाई नोकरीत असतानाच शिकल्या होत्या. आपल्याच कपाटातलं आपल्याला वाचता येत नाही, हे त्यांना सहन होईना. म्हणून निवृत्तीनंतरही शाळेने त्यांना बोलावलं आणि त्या आल्या.

मुख्याध्यापकांची परवानगी घे आणि ती रजिस्टरं एकदा स्वतः बघ. बाईंच्या ‘र’ला खाली बारीकशी शेपटी आहे, लगेच ओळखशील. पण त्यांतलं कुणाचं नाव, जात, जन्मतारीख लेखात आणू नकोस. कुणाची फी त्यांनी भरली हेही लोक सांगतील. ते ऐक, पण नावानिशी लिहू नकोस. बाईंनी स्वतः ते कधी कुणाला कळू दिलं नाही. रुजू झाल्याची आणि निवृत्तीची तारीख ऐकीव घेऊ नकोस, सेवापुस्तकावरून घे. शिपाईमामांना जरूर भेट, त्यांच्याइतकं बाईंना कुणी जवळून पाहिलेलं नाही.

त्या रागीट होत्या, तेही येऊ दे. पगारबिलाच्या दिवसांत खिडकीशी घुटमळणाऱ्याची धडगत नसायची, आणि अर्ज खाडाखोड करून आणला तर आम्हा शिक्षकांनाही परत पाठवायच्या. हे वगळलंस तर ती फळ्यावरच्या सुविचारासारखी गोड बाई होईल, आपली होणार नाही.

छापायला देण्याआधी लेख त्यांच्या मुलीला वाचायला दे. नाटिकांची बाडं तिच्याकडेच आहेत, त्यांतलं काही घ्यायचं तर आधी तिला विचार. मोडी शेऱ्याचा फोटो छापणार असशील तर नावं झाकून घे आणि वाचन माझ्याकडून तपासून घे. दुपारनंतर मी घरीच असतो. पुढचा खर्डा कागदावर आण, मोबाईलवर मला नीट दिसत नाही.

तुझे
सर