पावसाळ्यात आणि थंडीतही रोज सायकलने ऑफिसला जायचंय, 25 हजारांत कोणती सायकल घ्यावी?

मडगार्ड बसतं ती. कंपनी, रंग, गिअर किती हे नंतर बघा. दुकानात गेलात की आधी खाली वाका आणि पुढच्या फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि मागच्या ॲक्सलपाशी मडगार्डचे स्क्रू लावायला आट्यांची भोकं आहेत का ते बघा. नसतील तर दुकानदार कितीही गोड बोलू दे, दुसरी दाखवा म्हणायचं.

एवढं तावातावाने लिहितोय कारण हा वाद आमच्याकडे जुना आहे. मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत नोकरी, बारा महिने सायकल. आमचे मोठे साडूपण सायकलवाले, पण त्यांची कार्बनची, एका हाताने उचलून दाखवतात सगळ्यांना, आणि मडगार्ड म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "पोस्टमनची सायकल करायचीय का माझी?" वर लग्नाकार्यात चारचौघांत माझी ओळख करून देणार, हे आमचे पोस्टमन.

तर श्रावणात एका रविवारी दोघांनी त्र्यंबकला जायचं ठरलं, मावससासूबाईंकडे जेवायला. जेमतेम 30 किलोमीटर, पण सकाळपासून झड लागलेली. ते पुढे मी मागे, आणि त्यांच्या मागच्या चाकाचं सगळं पाणी थेट माझ्या तोंडात. नुसतं पाणी असतं तर हरकत नव्हती हो, पण ऑइल, चिखल, शेण सगळं त्यातच. चष्मा पुसून पुसून वैतागलो. जरा अंतर ठेवलं की पुढून आवाज, "काय हो, दमलात का?" अंजनेरीपाशी ढग पार रस्त्यावर उतरलेले, लावणी झालेली भाताची खाचरं, डोंगरावरून पांढरं पाणी सुटलेलं, म्हणजे ज्यासाठी माणूस पावसात सायकल काढतो ते सगळं आजूबाजूला, आणि मी बघतोय काय तर साडूंचं चाक. शेवटी मीच पुढे गेलो. तिथून त्र्यंबकपर्यंत जी मजा आली ती गाडीत काच लावून बसणाऱ्याला कळायचीच नाही.

पोचलो तर साडूंच्या पांढऱ्या जर्सीवर कमरेपासून मानेपर्यंत काळा पट्टा, हेल्मेटवर पण चिखल. मावशी दारातच म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही मागच्या दाराने या." मग काकांचा लेंगा घालून जेवायला बसले, तो पोटरीपर्यंतच येत होता. मीही ओलाचिंब होतो पण पुढच्या दाराने गेलो. तरी पुढच्या कार्यक्रमात यांनी सांगितलं काय, तर मडगार्डचं अर्धा किलो वजन चढाला जाणवतं. त्या दिवशी पुरणपोळ्या किती गेल्या त्याचं वजन कुणी काढलं नाही.

आणि मडगार्ड म्हणजे फक्त कपड्यांसाठी असं समजू नका. पुढच्या चाकाचा चिखल सरळ पायडलच्या बेअरिंगवर आणि चेनवर जातो, चेनमध्ये रेती बसली की खरखर सुरू आणि दिवाळीपर्यंत चेन बदला. म्हणून पुढच्या मडगार्डला खाली रबराचा फ्लॅप पाहिजेच, जुन्या ट्यूबचा कापून लावला तरी चालतो. सातपूरला फर्स्ट शिफ्टची जी मंडळी काळ्या सायकलवर येतात त्यांच्याकडे लांब मडगार्ड, चेनकव्हर सगळं आधीपासून आहे, त्यातला कुणी पावसात सायकल चालवावी का म्हणून विचारत बसत नाही. ब्रेक मात्र त्यांचे घेऊ नका, स्टीलची रिम आणि सळईचा ब्रेक ओला झाला की सायकल देवाच्या भरवशावर थांबते.

तुमच्या बजेटमध्ये तारेचा डिस्क ब्रेक असलेली हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, मिळेल, 35-38 मिलिमीटर रुंदीचा टायर, बास. पावसात हवा थोडी कमी ठेवा. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं यांवर वळायचं नाही आणि ब्रेकही नाही. पहिल्या पावसात तर रस्ता तेलकटच असतो. पंक्चर जास्त होतात, ओल्या टायरमध्ये काच आणि काटा पटकन घुसतो. रेनकोटमध्ये घामाने भिजालच, त्यापेक्षा कोरडे कपडे पिशवीत घ्या आणि खुशाल भिजा. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून तेल, हे झोपेआधी.

थंडीचं विचारलंत, तर थंडी सोपी आहे. घरातून निघताना थोडं कुडकुडायला पाहिजे, दहा मिनिटांत ऊब येते, घरीच उबदार वाटलं तर रस्त्यात स्वेटर काढावा लागणार. फक्त बोटं सांभाळा, उतारावर बोटं बधिर झाली की ब्रेक दाबलाय का नाही तेच कळत नाही. छातीवर जॅकेटच्या आत वर्तमानपत्र घाला, हसू नका, वारा अडतो. निफाडकडे पारा 5-6 वर येतो तेव्हा पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवलेल्या असतात, धूर जमिनीलगत पसरलेला, त्यातून नांदूरमध्यमेश्वरपर्यंत जाऊन पक्षी बघून यायचं, याच्यासारखं सुख नाही. पण कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागे लाइट नसतो, धुक्यात समोर आल्यावरच दिसतात, त्यामुळे उजाडल्यावरच निघा, आणि स्वतःच्या सायकलला मागे लाल लाइट लावाच.

हे सगळं पाठ-गुडघे धड असणाऱ्यांसाठी, दमा असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलंय (आमच्याकडे पूर त्याच्यावरून मोजतात) अशी बातमी आली की त्या दिवशी नदीकाठचा रस्ता सोडा, बसने जा, त्यात काही कमीपणा नाही.

कळलंय की साडूभाऊंनी हल्ली सीटखाली ती प्लास्टिकची जीभ अडकवलीय आणि लावलं एकदाचं मडगार्ड म्हणून सांगत फिरतात. ते मडगार्ड नव्हे. त्याने त्यांची पाठ वाचते, मागच्याचं तोंड नाही.