लेक्चर चालू असताना लिहायचं की ऐकायचं?

तुम्ही म्हणता, लिहीत बसलं की सर काय सांगतायत ते डोक्यात शिरत नाही आणि नुसतं ऐकलं की दोन दिवसांत सगळं पुसलं जातं. आणि विचारता, मग टिपणं काढण्याची कॉर्नेल पद्धत वापरू का? मी विज्ञान शिकवते. हा गोंधळ वर्गात रोज दिसतो.

अडचण वेगाची आहे. बोलणारा मिनिटाला शंभराच्या वर शब्द सहज बोलतो, हात त्याच्या पाव वेगानेही चालत नाही. म्हणून जो प्रत्येक शब्द पकडायला जातो, त्याचं सगळं लक्ष मागचं वाक्य पुरं करण्यात जातं आणि पुढचं निसटतं. तेव्हा आधी ऐका. मुद्दा पुरा होऊ द्या आणि मगच लिहा, तेही स्वतःच्या शब्दांत.

उदाहरण देते. मी सांगते, "बाष्पीभवन होताना द्रव आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो." एकाच्या वहीत हे वाक्य जसंच्या तसं उतरतं, तेही अर्धवट. दुसरीच्या वहीत एवढंच असतं: "घाम वाळतो → त्वचेची उष्णता घेतो → गार. दमट हवेत का नाही?" तो शेवटचा प्रश्न मी सांगितलेलाच नसतो! ती ऐकता ऐकता विचार करत होती. अशी वही पाहिली की मला मनापासून आनंद होतो.

वही की लॅपटॉप, यावर फार डोकं शिणवू नका. म्युलर आणि ओपेनहायमर या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासात हाताने लिहिणारे संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले होते. पण २०२१ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला तेव्हा तो फरक दिसला नाही. लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवतात, हे मात्र दोन्हीकडे दिसलं.

कॉर्नेल पद्धत चांगलीच आहे. वॉल्टर पॉक यांनी ती कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात बसवली. उजवीकडे रुंद रकान्यात टिपणं, डावीकडे अरुंद रकान्यात प्रश्न, खाली सारांश. पण बरेच जण नुसत्या रेघा आखतात आणि डावा रकाना कोराच ठेवतात. खरं काम तिथेच होतं. त्याच संध्याकाळी तिथे प्रश्न लिहा, उजवी बाजू झाका आणि उत्तरं मोठ्याने सांगून बघा. जिथे अडखळाल तिथे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी सरांना नेमकं तेच विचारा.